विश्लेषण : हनुवटीवरचे केस हा पार्लरचा प्रश्न की तपासणीचा? महिलांमध्ये अतिरिक्त केसवाढ का होते, उपचार काय?

लग्नसराई जवळ आली की कोल्हापुरातल्या पार्लरमध्ये भुवयांबरोबर ओठ, हनुवटी आणि कल्ल्यांनाही दोरा लागतो. काही मुलींना हे दर आठ-दहा दिवसांनी करावे लागते. यातल्या अनेकींची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते. मान काळवंडलेली असते, वजन वाढत असते. केसांसाठी पार्लर, मानेसाठी मेडिकलमधून आणलेले क्रीम आणि पाळीसाठी ‘लग्न झालं की होईल नीट’ हा घरातला सल्ला, अशी या तीन तक्रारींची वाटणी होते. प्रत्यक्षात तिन्हींचे मूळ एकच असू शकते आणि ते साध्या तपासण्यांत सापडू शकते. मात्र तपासणीपर्यंत पोहोचायला अनेकींना काही वर्षे लागतात. वाटेत लाज आडवी येते.

ही लाज किती खोल असते, हे एप्रिल २०२४ मध्ये देशाने पाहिले. उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत ९८.५ टक्के गुण मिळवून राज्यात पहिली आलेल्या मुलीचा फोटो प्रसिद्ध झाला आणि समाजमाध्यमांवर गुणांऐवजी तिच्या ओठांवरच्या केसांची चर्चा सुरू झाली. एक-दोन गुण कमी पडले असते तर बरे झाले असते, असे त्या मुलीला म्हणावे लागले. त्याच वर्षी देशभरातील ९,८२४ महिलांचा समावेश असलेल्या अभ्यासाचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. अशा केसवाढीमागच्या सर्वांत मोठ्या कारणाचे भारतातले प्रमाण त्यातून समोर आले. फोटोची चर्चा घराघरात झाली, त्या आकड्यांची मात्र फारशी झाली नाही.

अतिरिक्त केसवाढ कशाला म्हणायचे?

स्त्रीच्या चेहऱ्यावर आणि अंगावर बारीक, मऊ, फिकट लव असणे स्वाभाविक आहे. दक्षिण आशियातील अनेक कुटुंबांत हातापायांवर ठळक केस असतात, तोही आजार नाही. पुरुषांना जिथे केस येतात त्या जागी, म्हणजे ओठांवर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीच्या खाली, पाठीवर किंवा मांड्यांवर स्त्रीला जाड, काळे, राठ केस येऊ लागले तर त्याला वैद्यकीय भाषेत ‘हर्सुटिझम’ म्हणतात. साधारण ५ ते १० टक्के महिलांमध्ये ही स्थिती आढळते.

डॉक्टर ती मोजतातही. फेरीमन आणि गॅलवे यांनी १९६१ मध्ये मांडलेली आणि पुढे सुधारलेली गुणपद्धत त्यासाठी वापरली जाते. शरीराचे नऊ भाग पाहून प्रत्येकाला ० ते ४ गुण दिले जातात, म्हणजे एकूण ३६ पैकी. पूर्वी सर्वसाधारणपणे ८ गुणांची सीमारेषा धरली जात असे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वंशपरत्वे ४ ते ६ गुणही पुरेसे मानले जातात. एक अडचण मात्र राहते. डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केले, तर मोजायला केसच उरत नाहीत. त्यामुळे ‘किती दिवसांनी काढावे लागतात’ हे डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे असते.

सांगलीच्या बहिणींना झालेला आजार हाच होता का?

नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तीन सख्ख्या बहिणींच्या चेहऱ्यावर आणि सर्वांगावर दाट केस असल्याच्या बातम्या काही वर्षांपूर्वी जगभर छापून आल्या. परदेशी माध्यमांनी त्यांना लांडग्याची उपमा देण्यापर्यंत मजल मारली. त्यांना होता तो जन्मजात, अतिशय दुर्मिळ ‘हायपरट्रायकोसिस’. तो वडिलांकडून जनुकांमार्गे आला होता. त्यात केस जागा पाहून येत नाहीत, सर्वत्र येतात आणि त्याचा पुरुषी हार्मोनशी संबंध नसतो.

हायपरट्रायकोसिस औषधांमुळेही होऊ शकतो. फिट्सवरचे फेनिटॉइन, अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन, डोक्यावरचे केस वाढवण्यासाठी लावले जाणारे मिनॉक्सिडिल ही त्याची नेहमीची उदाहरणे. टक्कल लपवण्यासाठी लावलेल्या द्रावणाने कपाळावर आणि गालावर लव वाढते, ती यातूनच. मनाने औषध बंद करणे मात्र धोक्याचे आहे, विशेषतः फिट्सचे. त्याबाबत डॉक्टरांशीच बोलावे लागते.

मऊ लवेचा राठ केस कसा होतो?

केसांची मुळे जन्मतःच ठरलेली असतात, नंतर नवी तयार होत नाहीत. बदलतो तो मुळातून उगवणारा केस. स्त्रीच्या शरीरातही अंडाशय आणि मूत्रपिंडावरील अ‍ॅड्रिनल ग्रंथी थोड्या प्रमाणात टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन तयार करतात. हे प्रमाण वाढले, किंवा प्रमाण ठीक असूनही केसांची मुळे त्याला जास्त प्रतिसाद देऊ लागली, की लवेच्या जागी जाड काळा केस उगवतो. एकदा मूळ असे बदलले की हार्मोन कमी करूनही ते सहसा पूर्ववत होत नाही. उपचारांना वेळ का लागतो आणि नुसत्या गोळीने किंवा नुसत्या लेझरने समाधान का होत नाही, याचे उत्तर इथेच आहे.

सर्वांत मोठे कारण कोणते?

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस. बोलीत त्याला ‘पीसीओडी’ म्हटले जाते. हर्सुटिझमच्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांमध्ये हेच कारण असते. स्टाइन आणि लेव्हेन्थल या अमेरिकी डॉक्टरांनी १९३५ मध्ये त्याचे वर्णन केले.

यातल्या ‘सिस्ट’ या शब्दाने घरात घबराट होते. सोनोग्राफीच्या अहवालात दिसतात त्या बहुधा गाठी नसतात. पूर्ण वाढ न होता थांबलेल्या बीजांच्या त्या बारीक पिशव्या असतात. त्या कापून काढायच्या नसतात आणि त्या म्हणजे कर्करोगही नव्हे.

खरी गडबड अनेकदा इन्सुलिनची असते. शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसेल तर स्वादुपिंड ते जास्त बनवते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन वाढवायला लावते. शिवाय रक्तातील टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन आणखी वाढते. त्याचा परिणाम केस, मुरुमे आणि लांबलेल्या पाळीच्या रूपाने दिसतो. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा जाड काळा पट्टा दिसत असेल तर तो मळ नसतो, जादा इन्सुलिनची खूण असू शकते. दगडाने घासून किंवा लिंबू चोळून तो जात नाही, उलट त्वचेला इजा होते.

म्हणूनच हनुवटीवरच्या केसांची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला डॉक्टर साखर तपासायला सांगतात, तेव्हा त्यांचा विषय भरकटलेला नसतो. पीसीओएस असलेल्या महिलांमध्ये मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या तक्रारींचा धोका जास्त असतो. महिनोन्‌महिने पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चेहऱ्यावरचा केस दिसतो म्हणून त्याची काळजी घेतली जाते, या गोष्टी दिसत नाहीत म्हणून राहून जातात.

महाराष्ट्रात आणि देशात प्रमाण किती?

जागतिक आरोग्य संघटनेने प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के महिलांना पीसीओएस असल्याचा अंदाज दिला होता. त्यातील ७० टक्क्यांपर्यंत महिलांचे निदानच झालेले नसते, असेही संघटनेने म्हटले होते.

मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयोगटातील मुलींचा अभ्यास परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के, तर त्याहून कडक निकषांनुसार १०.७ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळले. सुरुवातीला उल्लेख केलेल्या २०२४ च्या देशव्यापी अभ्यासात १८ ते ४० वयोगटातील महिलांमध्ये रॉटरडॅम निकषांनुसार हे प्रमाण १९.६ टक्के आणि सर्वांत कडक निकषांनुसार ७.२ टक्के होते.

एकाच अभ्यासात आकडे इतके वेगळे का? रॉटरडॅम निकषांत अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणे किंवा वाढलेले प्रमाण आणि सोनोग्राफीतील चित्र या तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी पुरेशा असतात. जुन्या कडक निकषांत पहिल्या दोन्ही असाव्याच लागतात. कडक निकष धरला तरी साधारण चौदा महिलांमागे एक, हे प्रमाण लहान नाही.

दुसरी कारणे कोणती?

काही महिलांची पाळी नियमित असते, रक्तातील हार्मोनही ठीक असतात, तरी केस वाढतात. त्यांच्या केसांची मुळे हार्मोनला अधिक संवेदनशील असतात. अनेकदा आई, मावशी किंवा आत्यालाही तसेच केस असतात.

अ‍ॅड्रिनल ग्रंथीतील जन्मजात विकाराचा सौम्य प्रकार हेही एक कारण आहे. तो हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो. तो ओळखण्यासाठी ‘१७-हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन’ ही तपासणी पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी केली जाते. चेहरा गोल होणे, पोटावर जांभळे रुंद पट्टे, सहज काळेनिळे होणे आणि रक्तदाब ही लक्षणे सोबत असतील तर कुशिंग आजाराचा विचार होतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास हनुवटीवर चार-दोन राठ केस येणे मात्र नेहमीचे आहे.

धोक्याची घंटा कधी समजायची?

वयात येताना सुरू होऊन वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारे केस आणि काही महिन्यांत झपाट्याने वाढलेले केस यांत मोठा फरक आहे. केसांबरोबर आवाज घोगरा होणे, पुरुषांसारखे टक्कल पडणे, स्नायू भरणे, योनीच्या वरच्या भागातील शिस्निका मोठी होणे किंवा पाळी अचानक बंद होणे, यांपैकी काही घडले तर वाट पाहायची नसते. क्वचित अंडाशय किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीतील गाठ यामागे असू शकते. पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेली केसवाढही याच यादीत येते.

गोरेपणाच्या क्रीमचा काय संबंध?

डाग घालवण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या अनेक क्रीममध्ये स्टिरॉइड असते. पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळतो आणि ‘लागू पडलं’ म्हणून ट्यूब मैत्रिणीकडेही जाते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुमे येतात आणि गालावर केस वाढतात. मग केस आणि डाग लपवण्यासाठी तेच क्रीम पुन्हा लावले जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक स्टिरॉइड मलमांना ‘शेड्यूल एच’मध्ये आणले, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा झाला, तरी शेजारणीच्या शिफारशीवर चाललेली ट्यूब त्याच्या कक्षेत येत नाही. महिनोन्‌महिने लावलेले क्रीम एकदम बंद केल्यास त्रास उसळू शकतो, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडावे लागते.

उपचार नेमके काय?

उपचाराच्या दोन बाजू आहेत : नवे केस राठ होऊ नयेत म्हणून हार्मोनवर नियंत्रण आणि आधीच राठ झालेले केस काढणे. फक्त दुसरी बाजू सांभाळणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणे.

हार्मोनसाठी बहुधा आधी एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. अविवाहित मुलीच्या हातात अशी गोळी पाहून घरात प्रश्न उभे राहतात आणि उपचार तिथेच थांबतो. इथे ती गर्भनिरोधनासाठी दिलेली नसते. मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी करणे आणि पाळी नियमित करणे हे तिचे काम असते. रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, उच्च रक्तदाब किंवा विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असलेल्यांना ती चालत नाही. त्यामुळे मैत्रिणीचे पाकीट पाहून सुरू करण्याची ही गोळी नव्हे.

सहा महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही तर स्पायरोनोलॅक्टोनसारखे पुरुषी हार्मोनला अडवणारे औषध जोडले जाते. गर्भ राहिल्यास मुलग्याच्या गर्भाच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यासोबत गर्भनिरोधन आवश्यक असते. मेटफॉर्मिन साखर आणि इन्सुलिनसाठी उपयोगी आहे, केसांवर मात्र त्याचा परिणाम मर्यादित आहे.

चेहऱ्यासाठी एफ्लॉर्निथिन नावाचे क्रीम आहे. आफ्रिकेतील निद्रारोगावर वापरले जाणारे हे औषध चेहऱ्यावरच्या केसांसाठी अमेरिकेत २००० साली मंजूर झाले. ते केस काढत नाही, वाढीचा वेग कमी करते आणि थांबवले की काही आठवड्यांत स्थिती पूर्ववत होते.

वजन जास्त असल्यास ५ ते १० टक्के वजन कमी झाल्यानेही पाळी आणि इन्सुलिनमध्ये फरक पडतो. ७० किलो वजनाच्या महिलेसाठी हे साडेतीन ते सात किलो होतात. सडपातळ महिलांनाही पीसीओएस होतो, त्यामुळे ‘आधी वजन कमी कर’ एवढ्यावर प्रत्येकीची बोळवण करता येत नाही.

लेझर केल्यावर केस कायमचे जातात का?

‘कायमचे नाहीसे’ होतात असे नाही, ‘दीर्घकाळ कमी’ होतात. लेझरची ऊर्जा केसातील काळ्या रंगद्रव्यात शोषली जाते आणि उष्णतेने मूळ निकामी होते. एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. पांढऱ्या किंवा फिकट केसांवर लेझर चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिसचा पर्याय असतो.

सावळ्या त्वचेतही रंगद्रव्य असते, त्यामुळे चुकीच्या यंत्राने भाजण्याचा धोका असतो. अशा त्वचेसाठी जास्त तरंगलांबीची यंत्रे, उदाहरणार्थ १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग, अधिक सुरक्षित मानली जातात. पॅकेजची सवलत विचारण्याआधी यंत्र कोणते, ते कोण चालवणार आणि आधी छोट्या भागावर चाचणी होणार का, हे तीन प्रश्न विचारायला हवेत. हार्मोन न तपासता केलेल्या लेझरनंतर केस पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते. काही महिलांमध्ये चेहऱ्यावर लेझरनंतर आजूबाजूची लव उलट वाढल्याचेही दिसते.

रेझर फिरवल्याने केस दाट होतात का?

होत नाहीत. केस त्वचेच्या पातळीवर कापला की त्याचे टोक बोथट होते आणि तो हाताला राठ लागतो. मुळांची संख्या किंवा जाडी बदलत नाही. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच यांनीही आजार वाढत नाही. तपासणी सुरू असतानाही ते करता येते. वारंवार ओढल्याने पुळ्या आणि काळे डाग पडू शकतात, एवढी काळजी घ्यावी लागते. ‘बाळंतपण झालं की केस जातात’ या समजुतीलाही आधार नाही. तसेच पीसीओएस म्हणजे मूल होणार नाही, असेही नाही. बहुतेक महिलांना, गरज पडल्यास औषधांच्या मदतीने, मातृत्व मिळते.

कोल्हापुरात सुरुवात कुठून करायची?

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन यांपैकी कुणाकडूनही करता येते. शहरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सीपीआर रुग्णालयात या तिन्ही विषयांचे विभाग आहेत. चंदगड, आजरा, गगनबावड्यासारख्या लांबच्या तालुक्यांतील १० ते १९ वर्षांच्या मुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची दारे जवळच्या सरकारी रुग्णालयात आहेत. महाराष्ट्रात ही समुपदेशन केंद्रे ‘मैत्री क्लिनिक’ नावाने ओळखली जातात.

डॉक्टर साधारणपणे टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासतात, रक्तदाब आणि वजन पाहतात. प्रत्येकीला सोनोग्राफी लागतेच असे नाही. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओएसचे निदान करू नये, असे २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्या वयात अंडाशयाचे तसे चित्र निरोगी मुलींमध्येही दिसते. याच सूचनांनुसार पीसीओएस असलेल्या प्रत्येक महिलेकडे नैराश्य आणि चिंतेबाबतही विचारणा व्हायला हवी.

जाताना तीन गोष्टी सोबत हव्यात : गेल्या सहा महिन्यांतील पाळीच्या तारखा, सुरू असलेल्या गोळ्या आणि चेहऱ्याला लावलेल्या क्रीमच्या ट्यूब. तारखा मोबाइलमध्ये टिपून ठेवता येतात. सलग तीन महिने पाळी आली नसेल, तर गर्भधारणेची शक्यता तपासून डॉक्टरांना भेटण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. गोळ्यांचा परिणाम केसांवर दिसायला किमान सहा महिने लागतात. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांचा उपचार दर वेळी पहिल्या पानापासून सुरू होतो. दोऱ्याची पुढची वेळ घेण्यात काहीच गैर नाही, फक्त त्याच आठवड्यात रक्ततपासणीचीही वेळ घ्यायला हवी.